जवारी जुळेपर्यंत: जुन्या स्टिरिओला मागचे स्पीकर जोडताना

"पिक्चर कसाही वाजू दे, माझ्या गाण्याला धक्का लागता कामा नये." कोथरूडमधल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पाऊल टाकलं आणि काकांनी पहिलं वाक्य हे ऐकवलं. घरोघरी ऑडिओ बसवून देण्याच्या माझ्या कामात अटी पुष्कळ ऐकायला मिळतात, पण पुढचे दोन महिने प्रत्येक निर्णय मी या एका अटीवर घासून पाहिला.

काका बँकेतून निवृत्त झालेले. रोज सकाळी दोन तास आणि रात्रीच्या जेवणानंतर तासभर शास्त्रीय संगीत ऐकणार, हा नेम. २००७ साली त्यांनी व्हार्फडेलच्या डायमंड ९.१ स्पीकरची जोडी घेतली. १९३२ साली गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी यॉर्कशायरमध्ये सुरू केलेली ही कंपनी, आणि त्यांचे हे छोटे डायमंड स्पीकर आपल्याकडे पुष्कळ घरांत पोचलेले. जोडीला चॅनलमागे ६० वॅटचा इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर, सीडी प्लेअर, सुताराकडून करून घेतलेले सागवानी स्टँड. हॉलच्या कोपऱ्यात खोळ घातलेला मिरजेचा तंबोरा, कारण काकू स्वतः गातात.

मग मुलीनं मोठा टीव्ही भेट दिला. नातवंडं सुट्टीत आली की सिनेमा लागणार, म्हणून "मागून आवाज येणारी सिस्टिम" हवी झाली. दुकानदारानं ५.१ चा रिसीव्हर (पाच स्पीकर आणि एक सबवूफर सांभाळणारा अ‍ॅम्प), मुठीएवढे तीन स्पीकर आणि फक्त खालचे स्वर वाजवणारा एक सबवूफर दिला. काकांचे ९.१ पुढे डावे-उजवे म्हणून ठेवले, एक छोटा ठोकळा टीव्हीखाली मधला म्हणून आणि दोन मागे भिंतीवर. "आता जुन्या अ‍ॅम्पची गरज नाही, रिसीव्हरच सगळं करतो," असं सांगून जुना अ‍ॅम्प माळ्यावर गेला. चार महिन्यांत काकांचं सकाळचं ऐकणं दोन तासांवरून वीस मिनिटांवर आलं. "ऐकायला बसलो की उठावंसं वाटतं रे," ते म्हणाले. मला बोलावलं ते त्यानंतर.

सुरुवातीला मी काहीच उघडलं नाही. काकूंना विनंती केली, तंबोरा लावा. काळी एक पट्टी, म्हणजे जोडाच्या (मधल्या दोन) तारा साधारण १३९ हर्ट्झला आणि खर्जाची सगळ्यात खालची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ च्या आसपास. पाच मिनिटं आम्ही तिघं नुसतं ऐकत बसलो. मग सीडीवरचा तंबोरा लावला आणि रिसीव्हरच्या मेनूतून एकेक स्पीकर आळीपाळीनं वाजवला.

जुळणी म्हणजे काय, हे समजावून सांगायला तंबोऱ्याइतकी चांगली वस्तू मला दुसरी सापडलेली नाही. घोडीवर तारेखाली सुताचा धागा नेमका बसला की जवारी लागते: एकाच तारेतून स्वरांची अख्खी झालर उमलते, खालपासून वरपर्यंत. ही झालर एका स्पीकरवर जशी उमलते तशीच दुसऱ्यावर उमलली, की दोघांचा रंग जुळला. इथे पुढच्या ९.१ वर तंबोरा भरदार होता. मागच्या ठोकळ्यावर त्याची साल तेवढी उरली होती. इतक्या छोट्या स्पीकरला खालचे स्वर झेपत नाहीत, म्हणून रिसीव्हरनं १५० हर्ट्झखालचं सगळं सबवूफरकडे वळवलं होतं. सबवूफर टीव्हीच्या उजव्या कोपऱ्यात. ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला सहसा कळत नाही, पण १५० ला चांगलं कळतं. त्यामुळे तंबोऱ्याचा भोपळा समोरच्या कोपऱ्यात आणि जवारी पाठीमागे, असा प्रकार ऐकू येत होता. काकू लगेच म्हणाल्या, "तंबोरा फुटलाय हा."

दुसरा दोष मेनूत सापडला. सीडी लावली तरी रिसीव्हर 'मल्टिचॅनल स्टिरिओ'वर अडकलेला होता. म्हणजे दोन स्पीकरांसाठी केलेलं ध्वनिमुद्रण पाचही स्पीकरांवर एकदम वाजत होतं, त्यातले तीन ठोकळे. गायकाचा आवाज कधी समोरून तर कधी डोक्यामागून. मी 'डायरेक्ट' मोड लावला, म्हणजे गाणं फक्त पुढच्या दोन स्पीकरांवर, आणि काकांची निम्मी तक्रार जागेवरच मिटली. हे आवर्जून लिहितो, कारण अशा वेळी रिसीव्हरलाच नावं ठेवायची पद्धत आहे. रिसीव्हर वाईट नव्हता. पण सकाळी सहाला गाणं लावण्यासाठी टीव्ही चालू करून, मेनूत शिरून मोड तपासावा लागणार असेल, तर ती व्यवस्था त्या घराची नाही. काकूंना एक बटण आणि एक नॉब एवढंच हवं होतं, आणि ते मागणं रास्त होतं.

म्हणून पहिला निर्णय: जुना अ‍ॅम्प माळ्यावरून खाली.

त्याच संध्याकाळी एक प्रयोग केला. काकांना वाटत होतं, मागचे स्पीकर म्हणजे फक्त हेलिकॉप्टर आणि स्फोट. मी माझ्याकडचे जुने आठ ओहमचे दोन स्पीकर दिवाणामागे ठेवले आणि रिसीव्हरला न जोडता थेट जुन्या अ‍ॅम्पला जोडले, तेही वेगळ्या रीतीनं. अ‍ॅम्पच्या डाव्या चॅनलच्या लाल टर्मिनलपासून एक वायर पहिल्या स्पीकरला, तिथून दुसऱ्याला, आणि तिथून उजव्या चॅनलच्या लाल टर्मिनलला. काळ्या टर्मिनलला काहीच नाही. डायनाको कंपनीचे डेव्हिड हाफ्लर यांनी १९७० च्या सुमारास लोकांसमोर आणलेली ही जोडणी. दोन्ही चॅनलमध्ये सारखं असतं ते एकमेकांना छेदून जातं आणि मागे फक्त फरक उरतो. गायक दोन्हीकडे सारखा, म्हणून तो मागून जवळजवळ नाहीसा होतो. सभागृहाचा घुमारा आणि श्रोते दोन्हीकडे वेगवेगळे, ते मागे उमटतात. एका मैफलीचं प्रत्यक्ष मुद्रण लावलं. समेवर गायक आला आणि "क्या बात है" अशी दाद काकांच्या उजव्या खांद्यामागून आली. काकांनी मान वळवून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि तोच तुकडा पुन्हा लावायला सांगितला.

हा प्रयोग करण्याआधी एक गोष्ट तपासायची: अ‍ॅम्पच्या दोन्ही चॅनलची काळी टर्मिनलं आतून एकत्र आहेत ना. अ‍ॅम्प बंद करून मल्टिमीटरनं दोन सेकंदांत कळतं. ती एकत्र नसतील तर अ‍ॅम्प ब्रिज पद्धतीचा (काळी टर्मिनलंही जिवंत असलेला) असू शकतो, तिथे हे करू नये. अ‍ॅम्पवरचा ताणही लक्षात घ्यावा: ओहम जितके कमी, तितका ताण जास्त. ९.१ सहा ओहमचे. मागची जोडी सोळा ओहमची, पण दोन चॅनल एकमेकांविरुद्ध ओढतात तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला त्यातले आठ येतात. सहा आणि आठ समांतर म्हणजे जेमतेम साडेतीन ओहम. हळू आवाजात चालतं, सणासुदीच्या आवाजात नाही.

त्या दादेनं प्रकरणाची दिशा बदलली. मागचे स्पीकर आता काकांनाही हवे झाले, आणि तेही गाण्याच्या तोलाचे.

दुकानदारानं दिलेल्या रिसीव्हरला प्री-आउट (दुसऱ्या अ‍ॅम्पकडे आवाज पाठवणारी जोडणी) फक्त सबवूफरसाठी होता. स्वस्तातल्या बहुतेक रिसीव्हरांत तसंच असतं. पुढच्या डाव्या-उजव्या चॅनलचे प्री-आउट असतील, तर ते साध्या वायरीनं स्टिरिओ अ‍ॅम्पला देता येतात. मग सिनेमा असो वा गाणं, पुढचे स्पीकर कायम काकांच्याच अ‍ॅम्पवर वाजतात. नुसतं गाणं ऐकायचं तर रिसीव्हर बंदच ठेवायचा. प्री-आउट असलेला वापरलेला रिसीव्हर मिळवला आणि आधीचा विकून टाकला. स्पीकरच्या वायरी आळीपाळीनं दोन अ‍ॅम्पना देणारा स्विच लावूनही हे काम होतं आणि स्वस्तात होतं. पण तो स्विच लाल आणि काळी दोन्ही बाजू तोडणारा हवा, आणि दोन अ‍ॅम्पची टर्मिनलं एकमेकांना क्षणभरही भिडता कामा नयेत. बाजारातले सगळेच स्विच तसे नसतात, म्हणून मी तो मार्ग टाळला.

काकांच्या अ‍ॅम्पला 'बायपास' इनपुट नव्हता. तो असता तर रिसीव्हरचा आवाज अ‍ॅम्पच्या नॉबला वळसा घालून सरळ गेला असता. त्याऐवजी 'ऑक्स' या जादा इनपुटला जोडून नॉबची एक जागा ठरवून टाकली: सिनेमाच्या वेळी नॉब नेहमी तिथेच, आवाज कमी-जास्त करायचा तो रिसीव्हरच्या रिमोटवर. आधी बाराच्या काट्याची जागा धरली, तर रिसीव्हरला पुढच्या चॅनलची पातळी उणे ९ डेसिबलपर्यंत ओढावी लागली, म्हणजे जवळजवळ टोकाला. नॉब दहाच्या काट्यावर आणला आणि तोच आकडा उणे २ वर आला. काकूंनी आपल्या पाकिटातली एक लाल टिकली काढून नॉबच्या कडेवर लावली आणि दुसरी समोर पॅनेलवर. दोन टिकल्या समोरासमोर आल्या की सिनेमा. एक धोका मात्र दोघांकडून चार वेळा करून घेतला: ऑक्सवरून सीडीवर जाण्याआधी नॉब खाली. नाहीतर सकाळच्या भैरवाचा पहिला स्वर सिनेमाच्या पातळीवर फुटेल.

जोडणी झाली आणि पुढच्या स्पीकरांतून बारीक गुणगुण सुरू झाली. काका दोन मिनिटं डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "पांढरी पाच आहे ही. माझ्या षड्जाला तीव्र मध्यम लागतोय सारखा." अगदी बरोबर होतं. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, तिची दुप्पट १००, आणि पांढरी पाच ९८ ला. रिसीव्हर आणि अ‍ॅम्प दोन वेगळ्या भिंतींवरच्या सॉकेटमध्ये होते आणि सेट-टॉप बॉक्सला केबलवाल्याची वायर इमारतीबाहेरून येत होती. ती वायर उपसली आणि गुणगुण गेली. दोन ठिकाणच्या अर्थिंगमधला फरक त्या वायरीच्या जाळीतून अ‍ॅम्पपर्यंत पोचत होता. केबलच्या वायरीवर आयसोलेटर (विजेचा थेट संपर्क तोडणारा जोड) बसवला, दोन्ही यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणली. सोसायटीच्या वायरमननं सुचवलं होतं, प्लगची वरची जाडी पिन कापून टाका, आवाज जाईल. जाईलही. पण यंत्रात कधी बिघाड झाला तर त्याच्या पत्र्यात वीज उतरेल आणि हात लावणाऱ्याच्या अंगातून जमिनीत जाईल. अर्थची पिन कधीही, कुणाच्याही सांगण्यावरून कापू नका.

मागच्या स्पीकरांचा शोध महिनाभर चालला. नवी, महाग जोडी घेण्यापेक्षा त्याच घराण्यातली जुनी जोडी घ्यावी, असं माझं मत. एका मालिकेतल्या स्पीकरांत ट्विटर (वरचे स्वर वाजवणारा) आणि वूफरचा (खालचे वाजवणारा) पडदा सहसा एकाच जातीचा असतो, म्हणून झालर सारखी उमलते. वॅटेज आणि किंमत यांचा जुळणीशी फार थोडा संबंध. संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच विजेत किती आवाज निघतो ते, वेगळी असली तरी चालते: ८६ डेसिबलच्या शेजारी ८९ चा स्पीकर असेल, तर रिसीव्हरच्या मेनूत तीन डेसिबल उतरवले की झालं. पण रंग मेनूत बदलता येत नाही, आणि जो स्वर ठोकळ्यातून निघतच नाही तो इक्वलायझरनंही निघत नाही. आमच्या नशिबानं वापरलेली ९.१ चीच जोडी मिळाली.

बसवली आणि पहिल्याच दिवशी निराशा पदरी पडली. एकेकटे दोन्ही स्पीकर छान. दोन्ही मिळून तंबोरा वाजवला की मधला गाभा पोकळ, खर्ज गायब. वायर घर बांधताना भिंतीत टाकलेल्या पाइपमधून इलेक्ट्रिशियननं ओढली होती. मी दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घेतला आणि अ‍ॅम्पच्या बाजूनं वायरीच्या टोकांना क्षणभर टेकवला: लाल वायर सेलच्या टोपीला, काळी बुडाला. काकूंना जाळी काढलेल्या वूफरवर बोटाचं टोक अलगद ठेवायला सांगितलं. डाव्या स्पीकरचा पडदा बोटाकडे आला. उजव्याचा आत गेला. भिंतीतल्या जोडावर लाल-काळं उलटं झालं होतं. स्पीकरच्या टोकाला वायरी अदलाबदल केल्या आणि खर्ज परत आला. पूर्ण तपासणीला पाच मिनिटंही लागली नाहीत, आणि ही चूक मला निम्म्या घरांत सापडते.

जागेच्या बाबतीत तडजोड करावी लागली. हॉल दहा बाय चौदा फुटांचा. उजवीकडे सलग भिंत, डावीकडे आतल्या खोल्यांकडे जाणारा बोळ, म्हणजे टांगायला भिंतच नाही. समोर तोंड करून बसलेल्या माणसाच्या नाकापासून मोजलं तर मागचे स्पीकर १०० ते १२० अंशांत असावेत, असं आंतरराष्ट्रीय प्रमाण सांगतं. उजवा ११० वर नेमका बसला, काकांच्या कानापासून दीड मीटर. डावा बोळाच्या पलीकडच्या कोपऱ्यात, १३० च्या पुढे, दोन मीटरपेक्षा थोडा जास्त. अर्धा मीटर म्हणजे ध्वनीला दीड मिलिसेकंद. कानाला तेवढं पुरतं, जवळचा स्पीकर सगळं आपल्याकडे ओढून घेतो. रिसीव्हरच्या मेनूत अंतरं टेपनं मोजून भरली, पातळी मीटरनं जुळवली. डाव्याला अडीच डेसिबल जास्त द्यावे लागले. कोन चुकलेला चालला, अंतर आणि पातळी चुकलेली चालली नसती. आपोआप मोजणाऱ्या माइकनं अंतरं बरोबर काढली होती, पण पुढच्या ९.१ ना 'लार्ज' ठरवून सगळा बास त्यांच्यावर टाकला होता. ते हातानं 'स्मॉल' केलं आणि चारही स्पीकरांना ८० हर्ट्झचा एकच क्रॉसओव्हर दिला, म्हणजे त्याखालचं सबवूफरकडे.

एकाच जातीचे स्पीकर असूनही काकांना उजवा मागचा चरचरीत वाटत होता. त्यांना फिरत्या खुर्चीवर बसवलं आणि एकेका स्पीकरकडे तोंड करून तंबोरा ऐकायला सांगितलं. चारही सारखे. मग पुन्हा टीव्हीकडे तोंड, पुन्हा चरचर. कानाच्या पाळीचा आकारच असा आहे, की बाजूनं आलेला आवाज समोरच्यासारखा वाटत नाही. म्हणून स्पीकरची तुलना करताना तोंड त्याच्याकडे करूनच करावी. खरी चरचर थोडी होती, तीही खोलीची: गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, टाळी वाजवली की टिर्र्र असा प्रतिध्वनी. उजव्या स्पीकरसमोरच्या बोळाच्या तोंडाशी जाड पडदा आणि दिवाणापुढे दुहेरी सतरंजी, एवढ्यानं तो निम्म्यावर आला.

मधला ठोकळा मी काढून टाकला आणि त्याच्या जागी काहीही ठेवलं नाही. यावर मुलीशी फोनवर बराच वाद झाला. ५.१ मधला एक स्पीकर कमी कसा चालेल, हा तिचा प्रश्न. सिनेमातले बहुतेक संवाद मधल्या चॅनलवर असतात, म्हणून तो चॅनल सगळ्यात महत्त्वाचा, हे खरंच. पण महत्त्वाचा म्हणूनच तो सगळ्यात हलक्या स्पीकरवर देऊ नये. रिसीव्हरमध्ये 'सेंटर: नन' केलं की तो आवाज डाव्या-उजव्या दोघांना सारखा वाटला जातो, आणि दोघांच्या मधोमध बसलेल्या माणसाला संवाद टीव्हीतूनच येतो. पुढचे स्पीकर एकमेकांपासून सात फुटांवर, दिवाण त्यांच्यापासून आठ फुटांवर, आणि रोज ऐकणारी माणसं दोन. मधली जागा हवेनंच भरलेली बरी. चार-पाच जण रोज ओळीनं बसणारं घर असतं, तर मी तिसरा ९.१ शोधला असता आणि तो उभाच ठेवला असता, आडवा नाही.

सबवूफर राहिला, फक्त कोपऱ्यातून पुढे ओढला. हॉलच्या लांबीमुळे ४० हर्ट्झच्या आसपासचा स्वर तसाही फुगतो, त्यात कोपऱ्याची भर नको. सकाळच्या गाण्याला तो बंदच असतो.

दिवाळीत नातवंडं आली तेव्हा मी मुद्दाम गेलो. धाकटा बाजूच्या खुर्चीवर होता आणि त्याला सगळे संवाद उजव्या स्पीकरमधून येत होते. मधला स्पीकर नसण्याची ही किंमत आहे आणि ती मी मुलीला आधीच सांगितली होती. काकूंनी दिवाणासमोर मधोमध एक मोढा ठेवला, तेव्हापासून ती जागा त्याची झाली. सकाळी सहाला काकांनी नॉब टिकलीवरून खाली आणला, सीडी लावली, आणि काकूंनी कोपऱ्यातल्या तंबोऱ्याची खोळ काढून आपला षड्ज त्या सीडीशी जुळवायला घेतला. आता बोळातली डाव्या स्पीकरची वायर केसिंगमध्ये घालायची तेवढी राहिली आहे. तूर्त ती सतरंजीच्या कडेखाली चिकटपट्टीनं धरलेली आहे.